एक लिटरचा कंप्युटर आणि सासूबाईंची झालर

अहो, ऐकलंत का? समोरच्या वहिनींनी सीपीयू घराबाहेर काढला! चांगला बारा वर्षं नांदलेला, टेबलाखाली ठाण मांडून बसलेला. वर त्यांच्या सासूबाईंनी शिवलेलं झालरीचं कव्हर, त्यावर गणपती. आणि आता तिथे काय? काही नाही! नवा कंप्युटर मॉनिटरच्या पाठीवर चार स्क्रू मारून लटकवलाय. अर्धा किलो पेढ्यांच्या खोक्याएवढा. दुपारची झोप झाल्यावर सासूबाईंनी टेबलाखाली पाहिलं आणि मजला डोक्यावर घेतला, "अगं, चोर आला होता की काय!"

ही थेरं आजची नाहीत हो. २००५ च्या जानेवारीत ॲपलनं मॅक मिनी काढला, ४९९ डॉलरना. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस तुमचा तुम्ही आणा म्हणे. म्हणजे जेवायचं आमंत्रण द्यायचं आणि ताट-वाटी घरून आणा सांगायचं! मग इंटेलनं 'नक' नावाचा चार इंची कंप्युटर आणला. दहाएक वर्षं मिरवला आणि २०२३ मध्ये ते सगळं बिऱ्हाड असूसच्या हवाली करून मोकळे. २०२४ च्या मॅक मिनीनं तर कहरच केला. पाच इंच लांब, पाच इंच रुंद, तेव्हा ५९,९०० रुपयांपासून पुढे, आणि चालू करायचं बटण कुठे? बुडाखाली! दुपटं ओलं झालंय का बघावं तसं रोज त्याला उचलून चाचपायचं.

वहिनी मात्र हुशार. त्यांनी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून ऑफिसातून निवृत्त झालेला 'टायनी' नावाचा डबा आणला. एक लिटरचा. हो, लिटर! दुधासारखे कंप्युटर मापतात आता. आणि घ्यायच्या आधी चौकशी काय, तर "पिढी कितवी?" स्थळ बघताना आम्ही इतकं खोदून विचारलं नव्हतं. पण त्यातही मेख आहे. विंडोज ११ ला इंटेलच्या चिपची आठवी पिढी किंवा पुढचीच चालते, आणि विंडोज १० चा आधार कंपनीनं १४ ऑक्टोबर २०२५ ला काढून घेतला. म्हणून तर स्वस्तातल्या जुन्या डब्या बाजारात मुबलक. सात पिढ्यांचा उद्धार नाही, आठवीपासून पुढे बघा! लिनक्सवाल्यांचं वेगळं, त्यांच्यात सगळ्या पिढ्या खपतात.

तळमजल्यावरच्या काकांना कोरा करकरीत हवा होता. त्यांनी एन१०० चिपचा घेतला आणि लिफ्टपाशी भेटेल त्याला सांगत सुटले, "फक्त ६ वॉट!" अहो काका, ते सहा वॉट चिपचे. मेमरी, डिस्क, पंखा काय हवा खाऊन जगतात? कामाला लागलं की आख्खा डबा त्याच्या दुप्पट-तिप्पट वीज सहज ओढतो. तरीही जुन्या धुडापुढे ते काहीच नाही म्हणा. बँकेची कामं, एक्सेल, यूट्यूब, नातवाचे फॉर्म, सगळं निमूट करतो. नातवानं त्यावर मोठा गेम लावला तेव्हा मात्र काकांचा चेहरा पडला आणि डब्याचा पंखा शिट्टी वाजवायला लागला.

आता जागेचं ऐका. वहिनींची डबी मॉनिटरच्या पाठीमागे गेली, पण तिचा विटेएवढा ॲडॉप्टर टेबलावरच. पोर्ट कमी, म्हणून हब. डिस्क छोटी, म्हणून बाहेरची हार्ड डिस्क. डीव्हीडी कुणाला लागते? मामंजींना लागते, म्हणून तोही ड्राइव्ह. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला!

बिलाचा हिशेबही मी बसून केला. जुना सीपीयू समजा १०० वॉट, रोज आठ तास, तर महिन्याला २४ युनिट. डबी १५ वॉटची धरली तर साडेतीन युनिटच्या वर थोडं. वाचले वीस युनिट. दहा रुपये दर धरला तरी दोनशे रुपये. वीस हजारांची डबी फिटायला आठ वर्षं! तेव्हा बचतीचं नाव नवऱ्याला पटवायला ठेवा. खरा फायदा वेगळाच. परवा वीज गेली तर वहिनींचा कंप्युटर इन्व्हर्टरवर आरामात चालू, आणि आमचं धूड सुरू केलं की इन्व्हर्टरची बोंब.

तर एवढं सगळं झाल्यावर काल वहिनींच्या सासूबाई शिवणाचं मशिन घेऊन बसल्या. जुनं कव्हर उसवलं, मापं घेतली आणि डबीला झालरीसकट नवं झबलं चढवलं. दहा मिनिटांत डबी तापली आणि नातू ओरडला, "आजी, काढ ते, श्वास कोंडेल त्याचा!"

झबलं आता मिक्सरवर आहे. टेबलाखालच्या मोकळ्या जागेत तांदळाची गोणी आलीय. आणि आम्ही? छे हो, आम्हाला कुठे असले नाद! मी आपली सहज विचारत होते, ती लॅमिंग्टन रोडची दुकानं सोमवारी उघडी असतात ना?