घाटाखालचे बाबा, घाटावरची आई

आमचे बाबा शहापूरचे आगरी आणि आई ओतूरची. मधे मुरबाड तालुका आणि माळशेज घाट. आईच्या लेखी घाट उतरला की कोकण लागलं; बाबांच्या लेखी घाट चढला की सगळे घाटी, त्यात सासरेसुद्धा.

आजोळी सगळे माळकरी, आमच्या पडवीत सुके बोंबील. मामाची एसटी मुरबाडला पोचल्याचा फोन आला, की बोंबील शेजाऱ्यांकडे मुक्कामाला जातात. वास मात्र घरीच राहतो. खरी कसोटी आषाढी अवसेला. आई दिवे घासूनपुसून पाटावर मांडते, कणकेचे गोड दिवे उकडते. बाबांची गटारीही त्याच दिवशी. त्यांची चूल परसात पेटते. ते गोड दिवे कोंबडीच्या रश्श्यात बुडवून झकास लागतात, हे मी अजून दोघांनाही सांगितलेलं नाही.

कॉलेजचा मित्र घरी आणणं मात्र जोखमीचं. तो मुंबईचा निघाला की बाबा खुर्ची पुढे ओढतात. ‘तानसा आमचं, भातसा आमचं. आमचं पानी गोर लागतं ना रं पोरा?’ तानसा धरण १८९२ चं, पण बाबा असे बोलतात की वाटावं, गिलावा त्यांनीच केलाय. बिचारा मित्र मुंबई महापालिकेच्या वतीने आभार मानतो. मे महिना असला तर नेमका तेव्हाच गावात टँकर येतो आणि बाबा हंडा घेऊन धावतात. ‘धरणं आमच्या जुन्नर तालुक्यात पाच आहेत,’ आई ऐकवते, ‘पण आम्ही पाहुण्याला पाणी देतो, हिशेब नाही मागत.’

एवढ्यावर भागत नाही. मित्र उठायला लागला की दोघांची एकी होते आणि म्हशाच्या जत्रेची गोष्ट निघते. पौष पौर्णिमेची गर्दी, बाबा बैलबाजारात, आई घोंगडीवाल्याशी घासाघीस करतेय, आणि मी हरवलो. दोघांनी आपापलं जाऊन भोंग्यावर नाव दिलं. बाबांचा पुकारा: शहापूरचा मुलगा, निळा स्वेटर. आईचा: ओतूरच्या पाटलांचा नातू, निळा स्वेटर. निम्मी जत्रा दोन पोरं शोधत होती. मी जिलेबीच्या दुकानापाशी उभा. शहापूरचा मीच, हे मला कळलं होतं. पण त्या ओतूरच्या पोराच्या काळजीने मला रडू फुटलं.