माहेरची मोटार आणि घाटातलं इंजिन

मोटारीतून जगातला पहिला लांबचा प्रवास झाला तो माहेरी जाण्यासाठी. १८८८ सालच्या ऑगस्टात जर्मनीतल्या मानहाइमच्या बेर्टा बेंझ यांनी नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली तीनचाकी बाहेर काढली, दोन मुलगे बरोबर घेतले आणि फोर्ट्‌सहाइमला आईकडे निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. गाडीला पेटंट मिळून दोन वर्षं झाली होती, पण गिऱ्हाईक काही फिरकत नव्हतं. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती बाईंनी हॅटच्या पिनेने मोकळी केली. एक तार उघडी पडली, तिला मोज्याचा बंद गुंडाळला. इंधन संपलं तेव्हा वीसलोख गावात औषधाच्या दुकानातून घेतलं. उतारावर ब्रेक झिजले म्हणून चांभाराकडून त्यांवर कातडं मारून घेतलं आणि चढावर मुलांना खाली उतरवून ढकलायला लावलं. संध्याकाळी पोहोचल्यावर नवऱ्याला तार केली. ‘पोहोचलीस की कळव’ हे तिला कुणी बजावलं नसणार, कारण ती निघाली आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं!

हा प्रसंग मी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, त्याला कारण भाचीची लेक. ती न्यू जर्सीत वाढलेली, वय चौदा. सुटीत ती वाहतूक-क्षेत्रातल्या कामांची ओळख करून देणाऱ्या, खास मुलींसाठीच्या शिबिराला गेली. अमेरिकेत केंद्र सरकारच्या महामार्ग खात्याच्या मदतीने विद्यापीठांमधून शाळकरी मुलांसाठी अशी उन्हाळी शिबिरं भरतात. पिवळं हेल्मेट आणि चमकणारं जाकीट घातलेला तिचा फोटो आला आणि ग्रुप जागा झाला. “ड्रायव्हिंग शिकवतात का गं?” असं मोठ्या मामांनी विचारलं. आत्याबाईंनी नुसतं लिहिलं, “डान्सचं नव्हतं का एखादं?” त्यावर कुणीतरी गुलाबाचं फूल टाकलं. ते कशाला, हे आमच्या ग्रुपवर विचारायची पद्धत नाही.

मुलीने मात्र शांतपणे उत्तरं दिली. बाल्साच्या हलक्या लाकडाचा पूल बांधायचा आणि तो मोडेपर्यंत त्यावर वजन टाकत राहायचं, हा पहिला उद्योग. दुसऱ्या दिवशी चौकात उभं राहून कोणत्या बाजूने किती गाड्या येतात, त्यांतल्या किती डावीकडे वळतात, हे मोजायचं. “मोजून काय झालं?” मामा. “हिरवा दिवा किती सेकंद ठेवायचा ते त्यावरून ठरतं,” ती म्हणाली. मामा गप्प झाले. ते पुण्यात राहतात; दिव्याचे सेकंद कुणी विचार करून ठरवत असेल, ही कल्पनाच त्यांना नवी होती.

आपल्याकडे मे महिन्यात मुलींसाठी काय काय नसतं? संस्कारवर्ग, मेंदी, सुलेखन, बिनअंड्याचा केक. आता रोबोटही आले. चाकाशी संबंधित म्हणाल तर स्केटिंग, बस्स. वास्तविक पुण्यातली पोरगी अठरा पुरी व्हायच्या आत चेहऱ्याला स्कार्फ गुंडाळून लक्ष्मी रोडवरून स्कूटी काढते. वाहतूक तिला कुणी शिकवायला नको. पण वाहतूक हेही एक काम आहे, त्याला पगार असतो, पाळी असते, बढती असते, हे तिच्या कानावर कुणी घालत नाही.

असं शिबिर मला भरवायला मिळालं तर मी ते कर्जतला भरवीन. कर्जत म्हटलं की आपल्याला वडापाव आठवतो. तो खायला वेळ मिळतो, कारण गाडीच्या शेपटाला तिथे बँकर जोडतात. बँकर म्हणजे मागून ढकलणारी इंजिनं. पुढे बोरघाट. सदतीस फूट चाललं की एक फूट चढ, असला रेल्वेला न झेपणारा उभार. घाटात ही इंजिनं मागून रेटा देतात आणि लोणावळ्याला सुटतात. गाडीतल्या लोकांचं लक्ष तेव्हा खिडकीबाहेरच्या धबधब्यांकडे आणि आतल्या लसणाच्या चटणीकडे असतं.

मुलींना फलाटावर ओळीत बसवून आधी ॲलिस ट्रेडवेल यांची गोष्ट सांगावी. या घाटातल्या रेल्वेचं कंत्राट १८५९ साली सॉलोमन ट्रेडवेल नावाच्या इंग्रज कंत्राटदाराने घेतलं. बायकोला घेऊन तो इथे आला आणि काही आठवड्यांतच वारला. परका मुलुख, कडेकपाऱ्या, बोगदे अर्धवट, हजारो मजूर. बाईंनी सामान बांधून पहिलं जहाज पकडलं असतं तर कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी कंत्राट स्वतःकडे घेतलं, ॲडमसन आणि क्लाउझर या दोन इंजिनियरांकडे प्रत्यक्ष काम सोपवलं आणि १८६३ साली घाट वाहतुकीला खुला झाला. त्या कामात असंख्य मजूर साथीने आणि अपघातांनी गेले, हेही मुलींना त्याच दमात सांगावं. आपण घाटातून जाताना ‘काय सीनरी आहे’ म्हणतो, ती सीनरी दाखवणारी वाट कुणाच्या हातांनी फोडली आहे, ते पंधराव्या वर्षी कळलेलं बरं.

मग सुरेखा यादव. साताऱ्याच्या. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून १९८९ साली त्या मध्य रेल्वेत सहायक चालक झाल्या. आशियातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक म्हणून त्यांचं नाव घेतात. याच घाटात त्यांनी गाड्या चालवल्या. ८ मार्च २०११ ला त्यांनी पुण्याहून दख्खनची राणी मुंबईला नेली. १३ मार्च २०२३ ला सोलापूरहून वंदे भारत आणली. २०२५ च्या सप्टेंबरात निवृत्त झाल्या. वर्तमानपत्रांत आले ते असे मोजके दिवस. बाकीची छत्तीस वर्षं मालगाडी, लोकल, रात्रपाळी, पाऊस आणि परत मालगाडी. माझ्या शिबिरात त्या न छापलेल्या दिवसांवरच एक तास ठेवीन.

कारण बाई स्टिअरिंगला बसली की आपण लगेच ‘धाडस’ म्हणतो, टाळ्या वाजवतो, फेटा बांधतो. २०२३ साली एसटीच्या चालकाच्या जागेवर बायका बसल्या तेव्हाही हेच झालं. धाडस चालकाच्या कामात फारसं लागतच नाही. धाडसी चालकाच्या गाडीत बसायला तुम्ही तयार आहात का? मी नाही. या कामाला लागतं ते लक्ष. तासन्‌तास, कंटाळवाणं, न ढळणारं लक्ष.

ते इंजिनात कसं राखतात, तेवढं एक मुलींना जवळून दाखवावं. सिग्नल दिसला की सहायक हात उंचावून मोठ्याने पुकारतो, “डबल यलो!” चालक स्वतः तो सिग्नल बघतो आणि तेच शब्द तसेच उलट पुकारतो. दोन पिवळे म्हणजे बेताने या, पुढे आणखी पिवळा असू शकतो. एक पिवळा म्हणजे पुढच्या सिग्नलला थांबायच्या तयारीने जा. दोघेच जण, शेजारी बसलेले, दोघांनाही तोच दिवा दिसतोय. तरी दर वेळी पुकारा आणि दर वेळी उत्तर. आपल्या घरात आई स्वयंपाकघरातून ओरडते, “गॅस बंद केलास का?” आणि दिवाणखान्यातून नुसतं “हं” येतं. इंजिनात ‘हं’ला किंमत नाही. शिवाय चालकाने साधारण मिनिटभर कशालाच हात लावला नाही तर आधी दिवा लुकलुकतो, मग भोंगा वाजतो आणि तरीही कुणी हललं नाही तर गाडी स्वतःच ब्रेक लावते. हे मी ग्रुपवर लिहिलं तेव्हा मामांनी विचारलं की असलं यंत्र घरी बसवता येतं का. मामींनी लगेच वर केलेला अंगठा टाकला.

शिबिराच्या शेवटच्या दिवशी मुलींना मनमोकळे प्रश्न विचारू द्यावेत आणि पाहुण्या चालकबाईंनी खरी उत्तरं द्यावीत. पहिला प्रश्न काय येणार, ते मला आत्ताच ठाऊक आहे. तो वेगाबद्दलचा नसेल, वंदे भारतबद्दलचाही नसेल. मागच्या रांगेतली, दिवसभर काहीच न बोललेली मुलगी हात वर करून विचारील, “मॅडम, इंजिनात बाथरूम असतं का?” बहुतेक इंजिनांत ते नसतंच. स्टेशन येईपर्यंत कळ काढायची, पाणी बेताने प्यायचं, पाळीच्या दिवसांत आणखी वेगळे हाल. चालक संघटना वर्षानुवर्षं हे मांडत आल्या आहेत. थोड्या इंजिनांत सोय झाली आहे, बाकीच्यांत व्हायची आहे. हे मुलींपासून लपवून त्यांच्या हातात नुसते झेंडे द्यायचे असतील तर शिबिर न भरवलेलंच बरं. आणि मला तर वाटतं, ऐकणाऱ्यांतली एखादी मनात म्हणेल की मग मी चालक कशाला, इंजिनाचा आराखडा काढणारीच होते. बंगालमधल्या चित्तरंजनला रेल्वेची इंजिनं बनतात, हे तिला तिथेच सांगून टाकावं.

निरोपाला आईवडील येतील. “रात्रपाळी असते हो,” अशी कुजबुज होईल, “बदल्या होतात म्हणे.” तेवढ्यात कुणीतरी सांगेल की रेल्वेत नोकरी लागली तर घरच्यांना पास मिळतो. त्यावर मागच्या खुर्चीतल्या आजी पुढे सरकून विचारतील, “एसीचा का?”