निरोपाचा सराव

माझ्या बंधपत्राची मुदत संपायला अकरा दिवस उरलेत, हे माझ्या आधी दरेकसाला कळलं. सकाळी ओपीडीत पहिल्याच आजींनी लुगडं जरा वर करून गुडघा टेबलापाशी आणला आणि विचारलं, ‘‘जाऊन राहिले का जी डॉक्टर?’’

‘‘अजून अकरा दिवस आहे, आजी.’’

‘‘मंग हा गुडघा करून जा.’’

जणू तो गुडघा म्हणजे मी अर्धवट बांधून सोडलेली भिंत.

त्या दिवसापासून आरोग्य केंद्रात मार्चअखेरची गर्दी सुरू झाली. वर्षभर जपून ठेवलेली दुखणी लोक बाहेर काढू लागले. नवा डॉक्टर कसा येईल, कधी येईल, येईल तरी का, याचा भरवसा नाही; त्यापेक्षा ओळखीच्याकडून उरकून घेतलेलं बरं. एका काकांच्या डाव्या कानात शिटी वाजते. कधीपासून, असं विचारलं तर म्हणाले, ‘‘लंब्या मॅडमच्या टायमापासून.’’ इथली कालगणना अशी आहे. लंब्या मॅडम, चष्म्याचे सर, गिटारवाले डॉक्टर. शालिवाहनानंतर शक सुरू करण्याचा मान बंधपत्रित डॉक्टरांनाच मिळालेला दिसतो. आपला शक कोणत्या नावानं चालणार, ही चिंता मला तेव्हापासून लागली.

सरकारी कॉलेजात प्रवेश घेताना मी कागदावर सही केली होती. एमबीबीएसनंतर वर्षभर सरकार सांगेल तिथं सेवा, नाहीतर दहा लाख रुपये. वडील म्हणाले, ‘‘दहा लाखांपेक्षा वर्ष स्वस्त पडतं.’’ वर्ष कुठं घालवायचं ते कळलं तेव्हा नकाशात साताऱ्यावर बोट ठेवून उजवीकडे सरकत गेलो. महाराष्ट्र संपत आला तेव्हा गोंदिया जिल्हा लागला, त्यातही पार कडेला सालेकसा तालुका आणि त्यात दरेकसा. तिथून पुढं डोंगरगड, म्हणजे छत्तीसगडच. स्टेशन मुंबई-हावडा मार्गावर आहे हे ऐकून आईला वाटलं, मोठंच ठाणं असणार. मार्ग मोठा आहे हे खरं. १८८७ साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी निघाली ती याच मार्गावर. पण आता त्यावरच्या बऱ्याचशा गाड्या दरेकसाला नुसता वारा घालून पुढे जातात. पहिला महिनाभर रात्री गाडीच्या आवाजानं जाग यायची. आता गाडी उशिरा असली की जाग येते.

पावसाळ्यात माझं खरं शिक्षण झालं. ‘थंडी वाजून ताप येते’ हे वाक्य दिवसातून इतक्यांदा ऐकलं की दिवाळीत आईला फोनवर मीही ‘ताप येते’ म्हणालो. तिनं आधी तब्येतीची चौकशी केली आणि मग व्याकरणाची. हिवतापाच्या किटवर रक्ताचा थेंब टाकायचा आणि रेघ उमटण्याची वाट पाहायची. ती पंधरा-वीस मिनिटं मला परीक्षेच्या निकालासारखी वाटायची. व्हायव्हॅक्स निघाला की प्रायमाक्विन चौदा दिवस. रुग्णाचा ताप तिसऱ्या-चौथ्या दिवशी उतरतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी रुग्ण रोवणीला जातो. उरलेल्या गोळ्या घेऊन आमच्या आशाताई धुऱ्याधुऱ्यानं त्याला शोधत जात. ‘‘आ कर,’’ म्हणत, आणि बांधीतला माणूस हातातला रोपांचा पेंढा न सोडता तोंड उघडी. मी अहवालात ‘उपचार पूर्ण’ असं लिहीत असे. लिहिताना माझे पाय कोरडे असत.

माघी पौर्णिमेला कचारगडची यात्रा. आम्ही औषधांचा टेबल मांडून बसलो होतो. कुठून कुठून, दुसऱ्या राज्यांतूनही आलेले गोंड भाविक ‘सेवा जोहार’ म्हणत गुहेकडे चढत होते. आमच्या शिपाईकाकांनी मला गोष्ट सांगितली: इथल्या गुहेत कोंडलेल्या मुलांना पारी कुपार लिंगो आणि जंगो रायताड यांनी सोडवलं. ‘बंदिवास’ हा शब्द ऐकताक्षणी मला माझं बंधपत्र आठवलं. तेव्हा तुलना फार मार्मिक वाटली होती. आता ती कुणाला सांगायला लाज वाटते, म्हणून इथं लिहून टाकतो.

पदभार सोपवणं सोपं असतं, असं मला वाटलं होतं. जडवस्तू नोंदवहीनुसार माझ्या ताब्यात एक लोखंडी खाट, एक टेबल आणि दोन स्टूल. प्रत्यक्षात स्टूल एकच. तीन दिवस शोध चालला. शेवटी ते चहाच्या टपरीपुढं सापडलं. पावसाळ्यात मीच एका संध्याकाळी तिथं बसायला नेलं होतं आणि विसरलो होतो. आठ महिने मी रोज त्याच स्टुलावर बसून चहा पीत होतो.

भेटी येऊ लागल्या. तांदूळ, पळसाच्या पानात मोहफुलं, आणि एकानं दोन किलो लाखोळीची डाळ. लाखोळी आम्ही लॅथिरिझमच्या धड्यात शिकलो: सतत तीच खाल्ली तर पायातलं बळ जातं. पाच मार्कांची टीप. इथं उभ्या धानात उतेरा म्हणून ती फेकतात आणि धान कापल्यावर उरलेल्या ओलीवर पीक घेतात, हे त्या टीपेत नव्हतं. मी तोंड उघडण्याआधीच देणारा म्हणाला, ‘‘रोज नका खाऊ जी. अधामधात खाजा.’’ पाचही मार्क त्याचे.

माझं नावही परवा कळलं. कानात शिटी वाजणारे काका कुणाला तरी सांगत होते, ‘‘भाकरवाल्या डॉक्टरनं ड्रॉप देल्ले.’’ धानाच्या मुलखात वर्षभर ज्वारीचं पीठ शोधत फिरल्याचं हे फळ. गिटारवाल्याचा मला थोडा हेवा वाटला.

मी निघताना हेलावून जाईन, ही माझी अपेक्षा होती. गावही हेलावेल, हीसुद्धा. पण निरोपाचा मला सराव नाही, गावाला आहे. ते डबा भरून देतात, वाकून गाडीत पिशवी ठेवतात आणि विचारतात, ‘‘पुढचे कोन आहेत?’’

गोंदियाहून महाराष्ट्र एक्स्प्रेस निघते ती थेट साताऱ्यावरून कोल्हापूरला जाते. तिचं तिकीट खिशात आहे. टेबलाच्या खणात पुढच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी ठेवली आहे: रात्री दार वाजलं तर आधी बॅटरी घ्या, मग चपला घाला. टपरीपुढचं स्टूल आपलं आहे, पण आणू नका. गुडघ्याच्या आजी सोमवारी येतील. किती दिवस आहात, असं विचारतील; खरं सांगा. ज्वारीचं पीठ गोंदियाला मिळतं.