यूएसबी साउंडकार्डाची टकटक : नवशिक्यांसाठी सोपे मार्गदर्शन

साहित्य : एक रास्पबेरी पाय (जुना असल्यास उत्तम, त्रास भरपूर मिळतो), एक यूएसबी साउंडकार्ड, स्पीकर आणि घरात कोणी नसलेली दुपार. चाचणीला ढोल-ताशा लावू नका. त्यात चार टक्‌ जास्त झाले तर कोणाला कळणार? नुसता तानपुरा लावा. त्या अखंड सुरात बारीकशी खाचही लपत नाही.

पायरी पहिली : साउंडकार्डाला नावं ठेवा आणि त्याहून महाग कार्ड मागवा. ही पायरी कोणी चुकवत नाही, त्यामुळे जास्त खुलासा नको.

पायरी दुसरी : नवं कार्ड येईपर्यंत, सापडेल तो उपाय कॉन्फिगरेशनच्या फाइलीत चिकटवा. एका वेळी चार तरी बदल करा. म्हणजे कशाने बिघडलं आणि कशाने सुधारलं, याचा पत्ता तुम्हालाही लागणार नाही.

पायरी तिसरी : आता नाइलाजाने चार्जरकडे बघा. ड्रॉवरमधला जुन्या मोबाइलचा आहे ना? सोबत ती केसासारखी बारीक केबलही? पाय ३ ला ५.१ व्होल्ट, २.५ अँपिअरचा पुरवठा लागतो. व्होल्टेज साधारण ४.६३च्या खाली गेलं की बोर्ड तक्रार नोंदवतो आणि प्रोसेसरचा वेग कमी होतो. टर्मिनलमध्ये ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ विचारा. उत्तर ०एक्स० आलं तर चार्जर निर्दोष. ०एक्स५०००५ आलं तर वीज या क्षणीही कमी पडते आहे. नवं कार्ड त्याच चार्जरवर तितकंच टकटकणार, हे कुरिअरवाल्याला सांगून उपयोग नाही.

पायरी चौथी : चार्जर बदलूनही टक्‌ येतंच? मग जरा दमाने घ्या, कारण खरी गंमत इथे आहे. पहिल्या तीन पिढ्यांच्या पायमध्ये सगळी यूएसबी पोर्टं आणि लॅनचं सॉकेट एकाच यूएसबी २.० च्या वाटेवर आहेत. चाळीच्या एका नळाला सगळ्यांच्या बादल्या. गाणं लॅनवरून येणार, हार्ड डिस्क त्याच वाटेने बोलणार आणि आवाजही तिथूनच बाहेर जाणार. त्यात आवाजाचा हिशेब कडक. साध्या स्वस्त कार्डाला दर मिलिसेकंदाला एक पाकीट लागतं. सेकंदाला ४८,००० नमुने असतील तर पाकिटात बरोबर ४८ बसतात. सीडीचे ४४,१०० असतील तर नऊ पाकिटांत ४४ आणि दहाव्यात ४५. एखादं पाकीट हुकलं तर ते पुन्हा पाठवायची सोयच नाही. कॉपी होणारी फाइल थांबून पुन्हा मागू शकते. तानपुऱ्याला ती मुभा नाही. म्हणून गाणं चालू असताना डिस्कवर बॅकअप घेऊ नये, शक्यतो गाणी आधीच पायच्या एसडी कार्डावर उतरवून घ्यावीत.

जुन्या बोर्डांसाठी एक जालीम उपायही आहे : कर्नलच्या कमांड लाइनमध्ये ‘डीडब्ल्यूसी_ओटीजी.स्पीड=१’ लिहायचं. सगळी वाट यूएसबी १.१ च्या चालीने चालते, टकटक बऱ्याचदा थांबते आणि लॅन १२ मेगाबिटच्या आत येऊन बसतं. घरच्यांनी इंटरनेटबद्दल विचारलं तर कंपनीकडे बोट दाखवावं. २०१९च्या पाय ४ मध्ये लॅनला स्वतःची वाट मिळाली, त्यामुळे हा उपाय तिथे करू नये.

पायरी पाचवी : बफर वाढवा. प्लेअरच्या नोंदींत ‘अंडररन’ दिसत असेल तर प्रोसेसरला वेळेत नमुने पुरवणं जमत नाही, एवढाच त्याचा अर्थ. सीपीयू गव्हर्नर ‘परफॉर्मन्स’वर ठेवा, बफर अर्ध्या सेकंदाचा करा. नुसतं ऐकणाऱ्याला फरक कळत नाही. माइक लावून त्याच पायमधून स्वतःचा आवाज हेडफोनवर ऐकत गाणार असाल तर मात्र हे करू नका. तुमचा सा तुम्हालाच अर्ध्या सेकंदाने ऐकू येईल आणि पुढचा रे कुठे लावायचा ते सुचणार नाही.