लिंबाचं सर्टिफिकेट

आमच्या ओळखीतल्या एका शेठनी सेकंडहँड सेस्ना १७२ घेतलं. चार सीटचं, डोक्यावर पंख असलेलं. हँगरमध्ये नारळ फुटला, प्रॉपेलरला लिंबू-मिरची लागली. मेंटेनन्स इंजिनिअरनं ती गपचूप सोडून शेठच्या हातात ठेवली.

‘‘मंजुरीशिवाय विमानाला काहीही जोडता येत नाही, शेठ.’’

‘‘अहो, लिंबू आहे ते!’’

‘‘लिंबाचं सर्टिफिकेट आहे का?’’

उड्डाणयोग्यतेचं मूळ प्रमाणपत्र तसं मुदतीचं नसतं. पण त्याला जिवंत ठेवणारी एआरसी, म्हणजे उड्डाणयोग्यतेच्या तपासणीचं प्रमाणपत्र, वर्षाचीच. रात्री बाराला उडायला लायक असलेलं विमान बारा वाजून एका मिनिटानं नालायक. पंख तेच, स्क्रूही तेच. पीयूसीवाल्याशी गोड बोलून स्कूटरचा धूर स्वच्छ करून घेणारी आपण माणसं, आपल्याला हे झेपणं कठीण. विमानांचा १९३४चा कायदा जाऊन १ जानेवारी २०२५पासून भारतीय वायुयान अधिनियम आला. शेठना वाटलं, नाव संस्कृत झालंय तर लिंबाचं काहीतरी जमेल.

विमानाच्या विम्याची पॉलिसी वाचायला मला बोलावलं, कारण मी एलआयसीचे हप्ते वेळेवर भरतो. एआरसी संपली असेल तर क्लेम नाही. पायलट कलमात बसत नसेल तर क्लेम नाही. शेठचा पुतण्या ४० तास उडवून लायसन्सवाला झालाय, पॉलिसीला १०० हवेत. मधले ६० तास कोणाच्या विमानात काढायचे, याबद्दल पॉलिसी गप्प.

शेठनी मग व्यापारी डोकं चालवलं. उडवायचंच नाही! नुसत्या उभ्या विमानाचा ‘ग्राउंड रिस्क’ विमा, हप्ता निम्म्याहून कमी.

इंजिनिअर हात पुसत म्हणाला, ‘‘उभं इंजिन आतून गंजतं. तेल खाली उतरतं, कॅमशाफ्ट कोरडा पडतो. आणि ओव्हरहॉल २००० तासांनी किंवा १२ वर्षांनी, जे आधी येईल ते.’’ तासांचा काटा शेठनी थांबवला होता. वर्षांच्या काट्याला हँगरचं कुलूप लागत नाही.

‘‘गंजू दे की! विमा आहे ना?’’

मी पान उलटलं. पडझड, आग, वादळ, चोरी, सगळ्याची भरपाई होती. झीज आणि गंज मात्र वगळलेले. थोडक्यात, उभ्या विमानाला जे हमखास होणार तेवढंच सोडून बाकी सगळ्याचा विमा.

हल्ली शेठ सकाळी पंखाखाली खुर्ची टाकून चहा घेतात. लिंबू-मिरची हँगरच्या दाराला टांगली आहे. दाराला मंजुरी लागत नाही, हे त्यांनी आधी विचारून घेतलं.