नियत तारणहार : लक्षणे आणि नमुने

विज्ञानकथेतील नियत तारणहार, म्हणजे ज्याच्या आगमनाचे भाकीत त्याच्या जन्मापूर्वीच वर्तवलेले असते असा पुरुष, हा बहुधा वयाने कोवळा, चेहऱ्याने गोंधळलेला आणि स्वतःच्या नियुक्तीची वार्ता सर्वांत शेवटी कळणारा असतो. त्याच्या अंगी गुण असतात हे खरे. परंतु त्याला पारखणाऱ्यांची हौस त्या गुणांहून मोठी असते. ‘स्टार वॉर्स’ मालिकेच्या १९९९ च्या चित्रपटात अॅनाकिन या नऊ वर्षांच्या गुलाम मुलाच्या रक्तात मिडिक्लोरियनांचे, म्हणजे विश्वशक्तीशी संधान बांधून देणाऱ्या सूक्ष्मजीवांचे, प्रमाण २०,००० च्या वर भरते. तरीही जेडायांचे, म्हणजे ही शक्ती साधलेल्या योद्ध्यांचे, मंडळ वयोमर्यादा उलटून गेल्याची हरकत घेतेच.

या जातीचा सर्वांत कसून घडवलेला नमुना म्हणजे फ्रँक हर्बर्ट यांच्या ‘ड्यून’ (१९६५) या कादंबरीतील पॉल अॅट्रेडीस. बेने गेसरिट नावाचा स्त्रीसंघ उमराव घराण्यांच्या सोयरिकी पिढ्यान्‌पिढ्या जुळवत एक असामान्य पुरुष निपजवण्याच्या खटपटीत असतो. पॉलच्या आईला मुलगी जन्मास घालण्याचा आदेश असतो, परंतु पॉलचा पिता असलेल्या ड्यूकवरील प्रेमापोटी ती मुलगा देते आणि तारणहार एक पिढी आधीच अवतरतो. दीर्घकालीन योजना मुदतीपूर्वी पार पडल्याचे हे बहुधा एकमेव उदाहरण असावे, आणि योजनाकर्त्यांना त्याचाही संतापच येतो. याच संघाने अराकिस या वाळवंटी ग्रहावर तारणहाराच्या दंतकथा पूर्वीच पेरून ठेवलेल्या असतात. हेतू इतकाच, की संघाची एखादी स्त्री तेथे अडचणीत सापडल्यास तिला आसरा मिळावा. एवढी पूर्वतयारी असल्यावर पुराव्याचे अडत नाही. अंगातील ओल वाचवणारा पोशाख पॉल आयुष्यात प्रथमच चढवतो, तरी त्याने बूट घोट्यापाशी स्थानिक रीतीने बसवलेले पाहताच लिएट काइन्स या ग्रहशास्त्रज्ञाच्या मनात ते भाकीत घोळू लागते. अन्य कोणा मुलाने बूट नीट घातले असते, तर फार तर आईने शाबासकी दिली असती.

‘द मेट्रिक्स’ (१९९९) मधील निओ हा संगणकाच्या आज्ञावली लिहिणारा नोकरदार असल्याने त्याची परीक्षा अधिकच घरगुती होते : भविष्यवेत्ती बाई स्वयंपाकघरात बिस्किटे भाजता भाजता त्याला तोंड उघडायला लावते, तळहात पाहते आणि वाटेला लावते. पुढे २००३ च्या भागात, साऱ्या आभासी जगाचा रचनाकार असलेला पांढऱ्या दाढीचा गृहस्थ, सेवापुस्तिकेतील नोंद वाचावी तशा स्वरात, या पदावर आलेला तो सहावा असल्याचे त्याला सांगतो.