टायरमधली हवा: नवचालकांसाठी सुलभ मार्गदर्शिका

नव्या गाडीबद्दल अभिनंदन! हार घालून झाला, चाकाखाली लिंबू चिरडून झाले. आता हवेचे बघू.

१. परीक्षा. कलिंगडाला टिचकी मारतात, तशी टायरला लाथ मारा. रेडियल टायर तळाशी जरा फुगलेलाच दिसतो आणि पाच-सहा पॉइंट हवा कमी असली तरी फारसा वेगळा दिसत नाही. त्यामुळे लाथेचा निकाल नेहमी 'पास' येतो.

२. आकडा. चालकाच्या बाजूचे दार उघडले की बहुतेक गाड्यांत खांबावर एक स्टिकर दिसतो. पुढे किती, मागे किती, गाडी भरलेली असेल तर किती, सगळे त्यावर छापलेले असते. तो वाचू नका. मेव्हण्यांना विचारा. त्यांची गाडी वेगळी असली तरी ते ठामपणे '३५' सांगतील. याहून मोठा आकडा हवा असेल तर टायरच्या कडेवर कोरलेला घ्या. ती कमाल मर्यादा असते. तेवढी हवा भरली की टायर मधोमध झिजतो आणि पकड सुटते.

३. वेळ. हवा टायर थंड असताना, शक्यतो सकाळी निघण्यापूर्वी तपासतात. तुम्ही द्रुतगती मार्गावर तासभर गाडी पळवून फूड मॉलशेजारच्या पंपावर तपासा. तापलेल्या टायरचा आकडा चढलेला दिसेल. घाबरून हवा सोडून द्या. टायर निवला की हवा कमी पडेल. मग तो चालताना जास्त दबेल, कडांनी झिजेल, तापेल आणि मे महिन्यात समृद्धी महामार्गावर फुटेल. दोष सिमेंटच्या रस्त्याला द्यावा.

४. पंपावर. हवा फुकट असते, म्हणून उतरू नका. काच चार बोटे खाली करून "भाऊ, बघा जरा" एवढेच म्हणा. तो "किती?" विचारेल, "नेहमीएवढी" सांगा. व्हॉल्व्हची टोपणे मशीनवरच राहू द्या, धूळ आत जायला वाट हवी.

५. नायट्रोजन. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतोच. उरलेल्या २२ टक्क्यांसाठी दर चाकामागे पैसे मोजा आणि महिन्याला हवा तपासायचे कायमचे विसरा.

६. स्टेपनी. डिकीत चटईखाली असते. तिला थेट वरंध घाटात, भर पावसात, पाहुण्यांसमोर बाहेर काढा. तीही बसलेली निघाली, तर समजा, तुमचा अभ्यासक्रम पूर्ण झाला.